दुबईचा पगार ठरवताना आधी बेसिक विचारा

आमच्या आर्णी तालुक्यातल्या आयटीआय झालेल्या पोट्ट्याला दुबईच्या कामाचा फोन आला, की तो पहिले टोटल विचारतो. ३,००० दिरहम ऐकलं की मोबाईलवर रुपयांचा गुणाकार सुरू! मी तिकडं इलेक्ट्रिशियन म्हणून राबून आलो. कोणी सल्ल्याला आलं की माझा एकच प्रश्न असतो: त्यात बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती?

कापूस विकताना नुसता भाव ऐकून आपण गाडी रिकामी करतो का? ओलाव्यापायी किती कापणार, तेही विचारतोच ना.

यूएईत ओव्हरटाइम बेसिकवर निघतो, आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही. पहिली पाच वर्षं दर वर्षामागं २१ दिवसांचं बेसिक, पुढं ३० दिवसांचं. बेसिक १,२०० असेल तर पाच वर्षांचे ४,२०० दिरहम होतात, २,००० असेल तर ७,०००. टोटल दोन्हीकडं तेच ३,०००. साधा ओव्हरटाइम बेसिकच्या सव्वापट असतो.

एजंट म्हणेल, "कंपनी टोटल नहीं बढ़ाएगी." म्हणू द्या. तुम्ही म्हणा, "टोटल वही रखो, अलाउन्स में से पाँच सौ बेसिक में डालो." महिन्याचा खर्च वाढत नाही, म्हणून हे कधी कधी मान्य होतं. पण बोलायचं ते ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाची परीक्षा, पास झाल्यावर आणि पासपोर्ट हातचा सोडण्याआधी. तेव्हा त्यांनाही माणूस हवा असतो. चंद्रपूरच्या थर्मल वीजकेंद्रात शटडाउनची (दुरुस्तीसाठी बंद असतानाची) कामं केली असतील तर ठेकेदाराचं अनुभवपत्र आधीच घेऊन ठेवा. नुसत्या सर्टिफिकेटावर कोणी भाव वाढवत नाही.

"राहना-खाना कंपनी का" यावर खुश होऊ नका. जेवण मेसमधलं की पैसे हातात? कॅम्प ते साइट गाडी कोणाची? सुट्टीचं तिकीट दर वर्षी की दोन वर्षांनी? "प्रोबेशननंतर वाढवू" म्हणाले तर किती वाढवणार तो आकडा लिहून मागा. प्रोबेशन सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही.

एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर नोंदलेलं आहे का, ते पाहा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. लाख-दीड लाख मागणाऱ्यापायी वावर गहाण टाकणारे पाहिले की माझं डोकंच फिरते बाप्पा. दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट सहसा ईसीआर असतो. तसा पासपोर्ट असला की आखातात कामाला जायला आपल्या सरकारची मंजुरी लागते, म्हणून "व्हिजिट व्हिसावर चल, तिकडं बदलू" म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवा.

ऑफर लेटर आलं की बेसिकचा रकाना आधी वाचा. फोनवर ठरला तोच आकडा असेल तर सही करा आणि प्रत्येक पानाचा फोटो घरच्यांच्या मोबाईलवर टाकून ठेवा.