स्वस्त फिरते ब्रॅकेट घेऊन टीव्ही भिंतीवर पक्का कसा बसवावा

फिरते ब्रॅकेट स्वस्तातले घेतले की टीव्ही कधी ना कधी पडणारच, असे सर्रास सांगितले जाते. ब्रॅकेटचा लोखंडी हात मोडून टीव्ही खाली आला, असे मी आजवर पाहिलेले नाही. पाहिले आहेत ते भिंतीतून उपसून आलेले वरचे स्क्रू आणि त्यांच्याबरोबर निघालेले गिलाव्याचे पोपडे. दोष बहुतेक वेळा भोकांत आणि प्लगांत (स्क्रू पकडून ठेवण्यासाठी भोकात ठोकायच्या नळ्यांत) असतो आणि नाव ब्रॅकेटचे खराब होते. म्हणून या लेखात भिंतीतल्या चार भोकांना सर्वांत जास्त जागा दिली आहे. बाकीची कामे सोपी आहेत आणि ती थोडक्यात आटोपली आहेत.

खरेदी करताना

टीव्हीच्या पाठीवर चार आटेदार भोके असतात. त्यांच्यातले आडवे आणि उभे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावे. हे अंतर व्हेसा या मानकानुसार ठरलेले असते: १०० × १००, २०० × १००, २०० × २००, ३०० × ३००, ४०० × ४०० अशी ही मापे चढत जातात. टीव्ही किती इंची आहे यावरून ते ओळखता येत नाही, कारण एकाच आकाराच्या दोन टीव्हींची भोके वेगवेगळ्या अंतरावर असू शकतात. त्यामुळे खोक्यावर ‘३२ ते ५५ इंचांसाठी’ असे छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये; आपले व्हेसा माप त्या यादीत आहे की नाही, एवढेच पाहावे. वजनाचा आकडा टीव्हीसोबतच्या माहितीपुस्तिकेत असतो आणि त्यात पायांशिवायचे वजन वेगळे दिलेले असते; तेच धरावे. स्वस्त ब्रॅकेटवर छापलेली वजनक्षमता मी नेहमी निम्मीच धरतो, म्हणजे दहा किलोच्या टीव्हीला वीस किलोच्या आतले ब्रॅकेट घेत नाही.

यानंतर हाताची लांबी. ‘१८० अंशांत फिरणारे’ हा खोक्यावरचा दावा ब्रॅकेटच्या सांध्याविषयी असतो, त्यावर लावलेल्या टीव्हीविषयी नसतो. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. तो मध्यावर ४५ अंशांत वळवला की त्याची मागे जाणारी कड भिंतीला टेकू नये, यासाठी हात किमान ३४ सेंटिमीटर बाहेर यावा लागतो. पूर्ण काटकोनात वळवायचा असेल तर जवळजवळ ४८. ५५ इंची टीव्हीची रुंदी १२२ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणून त्याला हेच आकडे ४३ आणि ६१ होतात. खोलीत नेमके कुठून पाहायचे आहे ते ठरवून लागेल तेवढ्याच लांबीचे ब्रॅकेट घ्यावे. ‘असू द्या, लांब असलेले बरे’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. लांबीची किंमत भिंतीला मोजावी लागते, आणि ती कशी ते पुढे येईलच.

भिंतीवर बसणारी पट्टी शक्य तितकी उंच आणि चार भोकांची असावी. वर दोन आणि खाली एक अशी एकाच उभ्या रेषेत भोके असलेली अरुंद पट्टी मुख्यतः लाकडी चौकटीच्या भिंतीसाठी असते. विटांच्या भिंतीवर मी ती लावत नाही. ब्रॅकेट हातात आल्यावर पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरावी, हात पूर्ण लांब करावा आणि त्याचे टोक वर-खाली हलवून पाहावे. सांध्यांत खटखट जाणवली, तर प्रथम सांध्याचे बोल्ट आवळून पाहावेत. तरीही टोक लुळे राहिले तर ब्रॅकेट परत करावे. टीव्ही चढवल्यावर ती खटखट कमी होत नाही, टीव्ही पुढे झुकलेला दिसू लागतो.

खोक्यातले प्लास्टिकचे प्लग फेकून द्यावेत. स्वस्त ब्रॅकेटमध्ये पैसा वाचवलेला असतो तो इथेच, आणि चांगल्या नायलॉन प्लगांचा खर्च ब्रॅकेटच्या मानाने अगदी किरकोळ असतो.

जागा आणि उंची

बसून पाहताना डोळ्यांच्या पातळीवर पडद्याचा मध्य यावा. बहुतेक आसनांसाठी तो जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटरवर येतो. मात्र टीव्हीच्या पाठीवरची भोके पडद्याच्या नेमक्या मध्यावर असतीलच असे नाही, बऱ्याचदा ती खाली सरकलेली असतात, म्हणून टीव्हीच्या खालच्या कडेपासून भोकांपर्यंतचे अंतर मोजूनच पट्टीची उंची ठरवावी. स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भिंतीतून वायर गेलेली असू शकते; त्या रेषा टाळाव्यात, आणि ड्रिल सुरू करण्यापूर्वी त्या भागाचा एमसीबी बंद करून ड्रिलसाठी दुसरीकडून जोडणी घ्यावी.

भिंत

या कामात मला सर्वांत जास्त वेळ घ्यावा लागला तो ही पायरी नीट समजून घ्यायला, आणि तो वेळ लागला कारण ‘मोठे भोक, मोठा स्क्रू, घट्ट आवळा’ यापलीकडे कोणी काही सांगत नव्हते.

आधी जोर कुठे पडतो ते पाहू. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर उचलवते आणि हात ताठ लांब करून धरली तर खांद्यातून कळ येते. फिरत्या ब्रॅकेटमध्ये तो खांदा म्हणजे पट्टीचे वरचे दोन स्क्रू. टीव्ही दहा किलोचा आहे आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून वरच्या स्क्रूंची उंची २० सेंटिमीटर आहे, असे धरा. हात मिटून टीव्ही भिंतीपासून सहा सेंटिमीटरवर असेल, तर वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर खेचणारा ताण तीन किलोच्या आसपास असतो. तोच हात ४० सेंटिमीटर बाहेर ओढला की ताण वीस किलो होतो. पट्टी निम्म्या उंचीची असती, तर तो चाळीस झाला असता. ब्रॅकेटच्या हाताचे स्वतःचे वजन आणि टीव्ही वळवताना आपण देतो तो झटका यांत धरलेला नाही. भिंतीला चिकटून बसणाऱ्या स्थिर ब्रॅकेटमध्ये स्क्रूंवर मुख्यतः खाली ओढणारा भार असतो आणि तो जवळजवळ कोणताही प्लग पेलतो. म्हणूनच ‘आधीचा टीव्ही याच भोकांवर वर्षानुवर्षे होता’ हा युक्तिवाद फिरत्या ब्रॅकेटसाठी निरुपयोगी आहे.

आता विटांची भिंत घेऊ. वर दिसतो तो गिलावा, आणि त्याची जाडी साधारण १२ ते २० मिलिमीटर असते. गिलावा काहीही पकडून ठेवत नाही. ५० मिलिमीटरचा प्लग पृष्ठभागाशी समपातळीत बसवला, तर त्यातला तीस-पस्तीस मिलिमीटरचाच भाग विटेत जातो आणि फुगणारा प्लग वरचा गिलावा फोडतो. म्हणून मी १० मिलिमीटर व्यासाचे, ७० ते ८० मिलिमीटर लांबीचे नायलॉन प्लग वापरतो आणि ते गिलावा ओलांडून आत, विटेत ठोकतो. भोकाची खोली म्हणजे गिलाव्याची जाडी, अधिक प्लगची लांबी, अधिक धुळीसाठी दहा मिलिमीटर. एवढ्या अंतरावर बिटला टेप गुंडाळावी. स्क्रू इतका लांब असावा की पट्टी आणि गिलावा ओलांडून त्याचे टोक प्लगच्या शेवटातून थोडे बाहेर निघेल. तो आखूड राहिला तर प्लगचे टोक फुगतच नाही, आणि बाहेरून मात्र सगळे घट्ट वाटते. स्क्रूचा व्यास प्लगच्या पाकिटावर दिलेल्या मर्यादेतलाच घ्यावा.

भोक पाडताना प्रथम सहा मिलिमीटरचा बिट, हॅमर (ड्रिलची ठोके देत फिरण्याची सोय) बंद ठेवून, गिलाव्यापुरता चालवावा. थेट दहाचा बिट हॅमरवर लावला तर तो खुणेवरून घसरतो आणि चारही भोके एकमेकांशी जुळत नाहीत. गिलावा पार झाला की हॅमर सुरू करावा आणि डोळे बाहेर पडणाऱ्या धुळीवर ठेवावेत. आधी राखाडी धूळ येते, मग भाजलेल्या मातीच्या विटेची तांबडी. तांबडी धूळ एकसारखी येत राहिली आणि ड्रिलचा आवाज बदलला नाही, तर भोक विटेच्या पोटात आहे. मधेच पुन्हा राखाडी, वाळूसारखी धूळ आली आणि बिट एकदम पुढे घुसला, तर तो दोन विटांमधल्या दर्जेत शिरला आहे. खालच्या भोकांपैकी एखादे दर्जेत गेले तर चालवून घेता येते. वरच्या दोहोंपैकी एकही दर्जेत असलेले मी कधीच स्वीकारत नाही. पट्टी तीन-चार सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवतो आणि नव्याने सुरुवात करतो. हे याच क्रमाने करता यावे, म्हणून आधी फक्त वरची दोन भोके सहाच्या बिटने पूर्ण खोलीपर्यंत पाडून पाहावीत. ती चांगली निघाली तरच दहाचा बिट लावावा. जुनी भोके पट्टीच्या किंवा टीव्हीच्या मागे झाकली जातात आणि भरूनही घेता येतात.

भोकातली धूळ काढणे हे अनेकजण टाळतात आणि टाळू नये असे हे काम आहे. धुळीच्या थरावर बसलेला प्लग विटेला धरत नाही, त्या भुकटीला धरतो. अरुंद ब्रश आत फिरवून आणि फुंकणीने किंवा व्हॅक्यूमने धूळ ओढून भोक मोकळे करावे. प्लग हातोडीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांनी आत जावा. बोटाने दाबून सहज आत गेला तर भोक मोठे झाले आहे. अशा भोकात काड्यापेटीच्या काड्या किंवा लाकडाची ढलपी ठोकण्याचा सल्ला मिळेल. तो देणाऱ्याच्या हाती ड्रिल देऊ नये. लाकूड सुकते, आकसते, आणि ताण वीस किलोचा असतो. जागा बदलावी किंवा त्या भोकात रासायनिक अँकर (भोकात भरल्यावर कडक होणारा मसाला आणि त्यात बसवलेला आटेदार दांडा) वापरावा.

स्क्रू शेवटी हाताच्या पान्याने आवळावेत. पट्टी भिंतीला घट्ट टेकल्यावर पाव फेरा पुरतो. त्यापुढे जोर लावला की प्लग भोकात गरागरा फिरू लागतो आणि मग ते भोक वाया जाते.

भिंत वेगळी असेल तर नियमही वेगळे. काँक्रीटमध्ये लोखंडी अँकर बोल्ट उत्तम बसतात. ड्रिल आत सळईला अडले तर जागा बदलावी, सळई कापू नये. तेच बोल्ट विटेत मात्र वापरू नयेत, कारण त्यांच्या फुगण्याने वीट चिरते. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकमध्ये हॅमर अजिबात लावू नये, साध्या फिरत्या ड्रिलने भोक पाडावे आणि त्याच ब्लॉकसाठी बनवलेले लांब प्लग किंवा रासायनिक अँकर वापरावा. पोकळ ब्लॉकमध्ये साधा प्लग पोकळीत लोंबकळत राहतो, तिथे जाळीच्या नळीसह रासायनिक अँकर हाच मार्ग. जिप्सम बोर्डावर, केवळ बोर्डाच्या भरवशावर, फिरते ब्रॅकेट कधीही लावू नये: आतल्या उभ्या लाकडी दांड्यांत स्क्रू जायला हवेत, आणि आत पातळ पत्र्याची चौकट असेल तर बोर्डामागे जाड प्लायवूड बसवून घ्यावे.

पट्टी बसल्यावर टीव्ही चढवण्याआधी हात पूर्ण लांब करून त्याच्या टोकाला टीव्हीच्या दुप्पट वजन टांगावे, तासभर तसेच राहू द्यावे आणि पट्टीच्या वरच्या कडेपाशी भिंतीशी फट पडते का ते पाहावे. कागदाचा कपटा त्या फटीत शिरला तरी ती जोडणी नापास समजावी.

टीव्ही चढवणे

टीव्हीच्या पाठीला लावायच्या स्क्रूंची लांबी महत्त्वाची आहे. भोकात बारीक काडी घालून त्याची खोली मोजावी. स्क्रूचा पट्टी, वॉशर आणि स्पेसर यांच्यापुढे उरणारा भाग या खोलीपेक्षा कमी असावा. लांब स्क्रू आतल्या पॅनेलपर्यंत पोहोचला तर पडदा जातो. सहा-सात आटे धरले की पुरे. ड्रिलने आवळू नये, हाताने आवळावे.

टीव्ही दोघांनी उचलून चढवावा आणि खालचा सुरक्षा स्क्रू लगेच लावावा. पाणसळ भिंतीवरच्या पट्टीवर न ठेवता टीव्हीच्या वरच्या कडेवर, हात लांब केलेल्या स्थितीत ठेवावी, कारण वजनाने हात किंचित झुकतो आणि मिटलेल्या स्थितीत सरळ दिसणारा टीव्ही बाहेर ओढल्यावर तिरपा होतो. तो तिरपा दिसला तर सांध्यापाशी असलेल्या लेव्हलच्या स्क्रूने सरळ करावा.

वायरी जोडताना टीव्ही दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावा आणि सर्वांत लांबच्या स्थितीतही एचडीएमआय केबल सैल राहील एवढा वळसा ठेवावा. केबल ताणली गेली की त्याचा त्रास टीव्हीच्या पोर्टला होतो आणि ते दुरुस्त करणे ब्रॅकेटपेक्षा महाग पडते. दोन-तीन आठवड्यांनी वरचे स्क्रू आणि हाताच्या सांध्यांचे बोल्ट पुन्हा तपासावेत. सांध्याचा बोल्ट इतकाच आवळावा की टीव्ही एका हाताने वळेल आणि सोडल्यावर जागचा हलणार नाही. भिंतीतला स्क्रू मात्र एकदा आवळूनही पुन्हा सैल झालेला आढळला, तर तो आणखी आवळत बसू नये. टीव्ही उतरवून ते भोक नव्याने करावे.