'मीच का डॉक्टर व्हावं?' हे कसं लिहायचं, नागपूरच्या पोरापोरींसाठी

दरवर्षी सप्टेंबर आला की ओळखीतून मेसेज सुरू होतात, ताई, जरा पर्सनल स्टेटमेंट (अर्जासोबत द्यायचा स्वतःबद्दलचा निबंध) बघून द्या ना. आणि दरवर्षी मी जे सांगते ते जवळपास सारखंच असतं, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

आधी हे कोणासाठी आहे ते. ज्यांना फक्त इथेच एमबीबीएस करायचंय त्यांना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, नीटचा स्कोअर, कॅटेगरी, राउंड, आणि मग नागपूरची सरकारी कॉलेजं, मेडिकल, मेयो नाहीतर मिहानचं एम्स, जिथे नंबर लागेल तिथे. पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजला मात्र नीटनंतर वेगळी टेस्ट, सायकॉलॉजिकल असेसमेंट आणि इंटरव्ह्यू असतो. आणि जे यूके-अमेरिकेला अप्लाय करून राहिले त्यांना तर लिहूनच द्यावं लागतं की तू कुठून आलास, काय पाहिलंस, काय केलंस, आणि त्यावरून तू या कामाला बरा आहेस असं आम्ही का मानावं.

यूकेचं थोडक्यात सांगते. पूर्वी एकच लांब निबंध असायचा, 2026 च्या प्रवेशापासून तीन प्रश्न झालेत: हा कोर्स का, शिक्षणातून तयारी काय झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व ते कशाला उपयोगी. तिन्ही मिळून स्पेससकट 4000 कॅरेक्टर, प्रत्येकात कमीत कमी 350. अर्जात कॉलेजांच्या पाच जागा असतात, त्यातल्या चारच मेडिसिनसाठी भरता येतात, यूकॅट नावाची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते, आणि शेवटची तारीख 15 ऑक्टोबर. अमेरिकेत बारावीनंतर डायरेक्ट सहसा होत नाही, आधी डिग्री, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, त्यांचा मुख्य निबंध 5300 कॅरेक्टरचा आणि वर पंधरापर्यंत अ‍ॅक्टिव्हिटीज. आईबाबांसाठी एक गोष्ट, बाहेरून एमबीबीएस करून पुढे भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नीट क्वालिफाय झालेलं लागतं, तेव्हा परदेशी जायचंय म्हणून नीट सोडून देऊ नका.

आता मुद्द्यावर येते. आपल्याकडच्या पोरांना वाटतं की बॅकग्राउंड म्हणजे काहीतरी जबरदस्त घडलेलं असलं पाहिजे, मेडल, मोठी एनजीओ, रिसर्च, आणि आपल्याकडे ते काही नाही. मग ते लहानपणापासून सेवेची आवड, नोबल प्रोफेशन, असं सगळं लिहून पाठवतात. वाचणाऱ्याला यातून तुम्ही दिसतच नाही! त्याला दोनच गोष्टी शोधायच्या असतात: या पोराने हे काम जवळून पाहिलंय का, आणि समोर आजारी, घाबरलेला, चिडलेला माणूस आल्यावर हा कसा वागतो. आणि या दोन्हींचा माल विदर्भातल्या घराघरात पडून आहे, फक्त तो माल आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

सिकलसेल घ्या, रक्तातल्या लाल पेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात कितीतरी घरांत आहे, एखादी बहीण, मावसभाऊ, थंडीत किंवा पाणी कमी प्यायलं की अंग दुखायला लागतं, रात्री-बेरात्री डागा हॉस्पिटलला नाहीतर मेडिकलला न्यावं लागतं. हे घरात असलेली पोरगी मला सांगते की माझ्याकडे लिहायला काही नाही. अगं, तुला माहीत आहे की आईबाबा दोघेही कॅरियर (स्वतः आजारी नाही, पण आजार मुलांकडे जाऊ शकतो असे) असले तर दर गरोदरपणात बाळाला आजार व्हायची पंचवीस टक्के शक्यता असते, तुला माहीत आहे की सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे पहिली साधी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावरून कॅरियर की पेशंट हे कळत नाही आणि पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची तपासणी करावी लागते, तुला हेही माहीत आहे की लग्न जमवताना हा विषय निघाला की घरात सगळे गप्प होतात. पुस्तकातला आजार आणि घरातला आजार यातलं अंतर तू पाहिलंयस, ते लिही. फक्त बहिणीला आधी विचार की हे लिहू का, आणि ती नाही म्हणाली तर नाही.

दुसरा माल म्हणजे भाषा. नागपूरला पेशंट फक्त नागपूरचा येत नाही, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, पार छत्तीसगडहून लोक येतात. घरी गोंडी किंवा माडिया बोलता येणारा पोरगा वॉर्डात नातेवाइकासाठी दुभाष्या झालेला असतो आणि त्याला वाटतं त्यात काय विशेष. अरे, दिवसातून दोनदा जेवल्यावर हे सांगायला गेलं आणि समोरचा माणूस जेवतोच एकदा, तिथे तू काय केलंस? डॉक्टरला परत जाऊन विचारलंस का? ते विचारणं म्हणजे कम्युनिकेशन स्किल, तो शब्द लिहायची गरज नाही, प्रसंग लिही.

मेडिकल स्टोअर असलेल्या काकाकडे सुट्टीत बसलेले कितीतरी जण असतात. चिठ्ठीवर पाच दिवसांची अँटिबायोटिक आणि माणूस म्हणतो दोनच गोळ्या दे, पैसे तेवढेच आहेत. हे रोज पाहिलेल्या पोराला पैसा आणि उपचार यांचा संबंध कोणी शिकवायला नको. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तिथल्या आरोग्य शिबिरांत पाणी वाटणं, चक्कर आलेल्याला सावलीत नेणं, हरवलेल्या म्हाताऱ्यांना सोबत्यांपर्यंत पोचवणं, हेही काम आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर बांधकामावरच्या मजुरांचं काय होतं हे आपल्या गल्लीत दिसतं. आणि घरी पॅरालिसिस झालेल्या आजीला कूस बदलून देणं, भरवणं, तिचं डायपर बदलणं, हे तर मी सगळ्यात वर ठेवेन. हॉस्पिटलमध्ये चार दिवस कोपऱ्यात उभं राहून ऑपरेशन बघण्यापेक्षा हे कितीतरी जास्त सांगतं, आणि यूकेची मेडिकल स्कूल्सही म्हणतात की अनुभव हॉस्पिटलमधलाच असला पाहिजे असं नाही.

तरी डॉक्टरचा दिवस जवळून पाहिलेला असावा. त्यासाठी धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या नावांमागे धावू नका, आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा, मी दर शनिवारी कोपऱ्यात बसू का, पेशंटची हरकत असेल तेव्हा बाहेर जाईन, असं सरळ विचारा. गावाकडे पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) असेल तर तिथे विचारा. नाही म्हटलं तर दुसरीकडे.

आता एक वही घ्या. प्रत्येक प्रसंगाला चार ओळी: काय झालं, मी काय केलं, मला काय कळलं नाही, आणि त्यानंतर मी काय केलं. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि तीच बहुतेकांची रिकामी असते. दुःख पाहून वाईट सगळ्यांनाच वाटतं, पण नंतर कोणी जाऊन वाचलं, कोणाला विचारलं, पुन्हा त्या ठिकाणी गेलं, त्यावरून माणूस कळतो. चौथी ओळ रिकामी असेल तर अजून वेळ आहे, आजपासून काहीतरी करा, खोटं भरू नका.

एक उदाहरण देते, मी रचलेलंच आहे पण असे निबंध खूप येतात. 'माझ्या आजोबांना हार्ट अटॅक आला, डॉक्टरांनी देवासारखं त्यांना वाचवलं, तेव्हाच मी ठरवलं की मलाही डॉक्टर व्हायचं.' यात डॉक्टर चांगले आहेत हे कळलं, आजोबा वाचले हे कळलं, तुझ्याबद्दल काहीच कळलं नाही. आता हाच पोरगा बसून आठवतो आणि लिहितो: 'घरी आल्यावर आजोबांच्या गोळ्यांचा डबा मी भरायचो. महिन्याच्या शेवटी एकाच प्रकारच्या गोळ्या उरलेल्या दिसायला लागल्या. विचारल्यावर कळलं की त्या गोळीने वारंवार लघवीला लागते म्हणून वर्ध्याला बसने जायचं असलं की ते ती टाळत. मी पुढच्या तपासणीला सोबत गेलो आणि डॉक्टरांना हे सांगितलं, त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. औषध बरोबर असूनही उपचार अर्धवट राहू शकतो हे मला तिथे कळलं, त्यानंतर मी शेजारच्या दोन आजींचेही डबे भरायला लागलो.' यात लक्ष आहे, न रागावता विचारणं आहे, गोळी स्वतः बंद-चालू न करता डॉक्टरकडे जाणं आहे. त्याने कुठेही मी सहृदय आहे असं लिहिलेलं नाही आणि लिहायला नकोच.

गरिबीबद्दल खूप जण विचारतात, किती सांगायचं. बाबा ऑटो चालवतात, शेती गेली, आई चार घरी स्वयंपाक करते, हे असेल तर जरूर सांगा, लाजायचं काही कारण नाही, पण एक-दोन वाक्यांत, ठाम, जसं आहे तसं. मग लगेच त्यात तुम्ही काय सांभाळलं ते: धाकट्या भावाचा अभ्यास, दुकानाचा हिशोब, रात्रीची शिफ्ट करून कॉलेज. रडवण्यासाठी लिहिलेलं लगेच ओळखू येतं आणि त्यात तुमच्याच घराचा मान कमी होतो असं मला मनापासून वाटतं. उलट ज्यांचे आईबाबा डॉक्टर आहेत त्यांनीही ते लपवू नये. तुम्ही या धंद्याची रात्र पाहिलीय, जेवता जेवता आलेला फोन, पेशंट गेल्यावर न बोलता बसलेली आई, ते इतरांना माहीत नसतं. फक्त घरच्या क्लिनिकबाहेरही कुठेतरी जा, नाहीतर सगळं आयतं मिळालं असं वाटतं. ड्रॉप घेतला असेल तर एका वाक्यात सांगा, कारण, आणि त्या वर्षात काय केलं.

काही गोष्टी अजिबात नको. पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर, फोटो, यातलं काहीही नको. मी टाके घातले, इंजेक्शन दिलं, असं अभिमानाने लिहू नका, ट्रेनिंग नसताना पेशंटला हात लावला म्हणजे आपली मर्यादा कळत नाही असा अर्थ तिकडे लावला जातो आणि तो बरोबरच आहे. आणि या कामाचं सगळं गोडच आहे असं लिहू नका. रेसिडेंटच्या लांब ड्युट्या, नातेवाइकांचा राग, करूनही न वाचलेला माणूस, हे पाहून तुम्हाला काय वाटलं आणि तरीही का यायचंय, हे चार ओळींत आलं तर निबंधाला वजन येतं.

लिहायचं इंग्रजीत आहे पण सुरुवात तिथून करू नका. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि मैत्रिणीला सांगतो तसा तो प्रसंग आपल्या बोलीत सांगा, मग ऐकून साध्या इंग्रजीत उतरवा. भारी शब्द शोधायला बसलं की खरा माणूस पळून जातो. एजंटकडून किंवा एआयकडून लिहून घेऊ नका, यूकेच्या सिस्टीममध्ये स्टेटमेंट आधीच्या स्टेटमेंट्सशी जुळवून पाहिलं जातं, आणि पकडलं गेलं नाही तरी इंटरव्ह्यूत तुमच्याच ओळीवर प्रश्न आला की उत्तर सापडत नाही. सिकलसेलचं औषध हायड्रॉक्सियुरिया लिहिलंय ना, मग ते फीटल हिमोग्लोबिन (गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं ते) वाढवतं आणि त्याने पेशी वाकड्या व्हायचं प्रमाण कमी होतं एवढं तरी सांगता आलं पाहिजे. प्रत्येक ओळीवर 'म्हणजे काय' आणि 'मग तू काय केलंस' हे दोन प्रश्न घरातल्या कोणालातरी विचारायला लावा. एएफएमसीवाल्यांनीही हाच सराव करा, शिवाय आर्मीतच का याचं स्वतःचं उत्तर तयार ठेवा, फी कमी आहे हे तिथे पुरत नाही.

वेळेचं शेवटी सांगते. यूकेची वेळ 15 ऑक्टोबरची संध्याकाळी सहाची, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, पण त्याच्या आत शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या सरांचं रेफरन्स, म्हणजे तुमच्याबद्दलचं शिफारसपत्र, चढलेलं लागतं आणि सर नवरात्र-दसऱ्याच्या सुट्टीत गावी गेलेले असतात. त्यांना ऑगस्टमध्येच भेटा, तुमची ती वही दाखवा, म्हणजे त्यांनाही लिहायला काहीतरी मिळेल.