मेळघाटातील एका दिवसाची गटभटकंती: आखणी आणि शिस्त

सातपुड्यातील लांब पल्ल्याची वाट एका दिवसात पुरी करायची नसते. तिचा एक टप्पा निवडायचा असतो आणि तो निवडताना किलोमीटरपेक्षा चढ आणि सूर्यास्त यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगडच्या वेढ्यासाठी इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने याच डोंगरांतून वाट काढत तोफा किल्ल्याच्या उत्तरेस ओढून नेल्या. सुमारे तीस मैलांच्या त्या मजलेला काही दिवस लागले. आपल्याकडे तोफा नसतात. पण पंधरा जणांचा गट, त्यांच्या पिशव्या आणि फोटोंसाठी थांबणारे दोघेतिघे हेही ओझे कमी नसते.

अचलपूरकडील सपाट मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर आहे, तर चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. म्हणजे पायथ्यापासून पठारावर येणाऱ्याला ७०० मीटर चढावे लागते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा ठोकताळा असा: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास अधिक. या हिशेबाने एवढ्या चढासह १२ किलोमीटरला साडेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. परंतु हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. गटासाठी तो दीडपट, म्हणजे साडेपाच तास धरावा. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि दरीतला उजेड त्याआधीच जातो. म्हणून चार वाजता डांबरी रस्त्याला लागायचे असे ठरवून वेळ उलटा मोजावा, सकाळी सातला चालू लागावे आणि कुठल्या वेळेला, जिथे असू तिथून, परत फिरायचे हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पायवाट दिसते म्हणून ती चालण्यास मोकळी असतेच असे नाही. त्यामुळे वनविभागाची परवानगी आधी घ्यावी आणि जवळच्या गावातील कोरकू आदिवासी वाटाड्या योग्य मोबदला ठरवून सोबत घ्यावा. मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि परतीची वेळ गावात कोणाला तरी सांगून जावे.

चालताना वाटाड्या पुढे आणि एक अनुभवी माणूस सर्वांत मागे असावा. त्याच्या मागे कोणीही राहू नये. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबावे. येथे एक चूक हमखास होते: पुढचे दहा मिनिटे बसतात आणि शेवटचा धापा टाकत पोहोचला की लगेच उठतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज असते त्यालाच ती मिळत नाही. विश्रांतीची मिनिटे शेवटचा माणूस टेकल्यावर मोजावीत, आणि जो सर्वांत हळू चालतो त्याला वाटाड्याच्या मागोमाग ठेवावे.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो. नाले आटतात आणि सागाच्या वाळल्या पानांवरून उतारावर पाय घसरतो. पाणी माणशी तीन लिटर तरी असावे. शिदोरीला भाकरी, ठेचा आणि संत्री पुरेशी होतात. संत्र्याची सालेही परत आणावीत. कड्यांवर आग्या मोहोळ असते, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. मोहफुलांच्या दिवसांत अस्वले पहाटे झाडांखाली येतात, तेव्हा अंधारात निघू नये. साप चावल्यास जखम कापू नये किंवा आवळून बांधू नये; अवयव हलू न देता रुग्णाला उपजिल्हा रुग्णालयाकडे न्यावे आणि रेंज मिळताच १०८ ला फोन करावा.

गवतातून चालताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत आणि गवतावर उघड्या अंगाने लोळू नये. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. तो गवतातील बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने होतो. घरी आल्यावर अंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवावेत. पुढील तीन आठवड्यांत ताप आला, विशेषतः अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना लक्षणांबरोबर हेही सांगावे की आपण गवतातून चाललो होतो.