मामाचं दुकान आणि माझा डेबियन

अमळनेरला एसटी स्टँडजवळ मामाचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, लाइट बिल, म्हणाल ते. बीएस्सी कॉम्प्युटरला असताना मी संध्याकाळी तिथे बसायचो. पगाराच्या बदल्यात मामाने एक जुना पीसी देऊन टाकला. सेकंड जनरेशनचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि मदरबोर्डवरचा सेल मेलेला. लाइट गेली की त्याचं घड्याळ थेट २०११ सालात जायचं आणि मग एकही वेबसाइट धड उघडायची नाही. दोन दिवस मी नेटवाल्याला शिव्या घातल्या. प्रत्येक वेबसाइटकडे ती खरी असल्याचं डिजिटल सर्टिफिकेट असतं. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ती मुदत असते, आणि २०११ मध्ये अडकलेल्या यंत्राच्या लेखी आजचं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नसतं, हे उशिरा कळलं. सीआर-२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल टाकला, काम झालं. कॉलेजात एचटीटीपीएसवर, म्हणजे वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीवर, तासभर लेक्चर ऐकूनही जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या सेलने शिरवलं.

आता गावाकडची पोरं विचारतात, "दादा, काली कुठून डाउनलोड करू?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. काली म्हणजे हॅकिंगच्या हत्यारांनी भरलेली लिनक्स, ती नंतर. आधी डेबियन ही साधी लिनक्स घ्या, हाताने पार्टिशन पाडून टाका, मोडा, परत टाका. कालीत शेकडो हत्यारं आयती मिळतात, पण समोरचं यंत्र सुरू कसं होतं हेच माहीत नसेल तर ती नुसती मिरवायला. माझ्याकडून पहिल्याच महिन्यात डीडी या डिस्कवर थेट लिहिणाऱ्या कमांडमध्ये एसडीबीच्या (पेन ड्राइव्ह) जागी एसडीए (हार्ड डिस्क) पडलं. पेन ड्राइव्हऐवजी आख्खी हार्ड डिस्क पुसायला लागली. डीडी 'नक्की का?' असं विचारत नाही. मामाने जपून ठेवलेले अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो त्यात गेले. तेव्हापासून एंटर दाबायच्या आधी एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड मारून डिस्कची साइज वाचायची सवय लागली.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका पीसीच्या आत चालणारा दुसरा पीसी, ही त्यावरची खरी सोय. आपल्याकडे चार भावांत एक विहीर असते ना, तसंच समजा. प्रोसेसर म्हणजे विहिरीचं पाणी, ते पाळीने मिळतं, आणि पाळ्या लावणारा तो हायपरव्हायझर. प्रत्येक भावाला वाटतं, मोटर आपलीच. रॅमचे मात्र बांध घालून वाटे पडतात. चार जीबीत विंडोजला दोन, डेबियनला एक दिला की शेत संपलं. म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटातून जुनी रॅम आणून आठ जीबी केली. नव्या माणसाला मी प्रोसेसरआधी रॅमवरच पैसे घालायला सांगतो.

अजून एक. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ६४ बिटचा पर्यायच दिसत नसेल, तर लगेच पीसी जुना झाला म्हणू नका. त्यासाठी लागणारं व्हीटी-एक्स इंटेलने प्रोसेसरमध्ये आणलं २००५ साली, पण कित्येक यंत्रांत ते बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंदच असतं. माझंही होतं. आणि काहीही मोडण्याआधी स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मशीन परत त्याच स्थितीत आणता येतं.

आता मुख्य प्रकरण.

पुढे मी हप्त्यावर लॅपटॉप घेतला. त्यावर एक छोटी लॅब उभी करत होतो. एक डेबियन राउटरचं काम करणार, मागे दोन-तीन यंत्रं, आणि तो डेबियन त्यांना डीएचसीपीने आयपी पत्ते वाटणार. कॉन्फिग कुठूनतरी उतरवून घेतलं होतं, त्यात 'ऑथॉरिटेटिव्ह' अशी एक ओळ होती. अर्थ पाहिला नाही. नेटवर्कच्या खान्यात 'इंटर्नल' निवडायचं, ते राहिलं 'ब्रिज्ड'. म्हणजे माझा डेबियन खोक्यात नव्हता, दुकानाच्या स्विचवर इतर पीसींच्या पंगतीला बसलेला होता. लॅपटॉपची वायर त्याच स्विचमध्ये.

दिवस पीक विम्याच्या शेवटच्या तारखेचा. दुकानाबाहेर पायरीपासून पानटपरीपर्यंत शेतकरी, हातात आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स. दुपारी लाइट गेली, वीस मिनिटांनी आली. पाचही पीसी एकदम सुरू झाले आणि एकाही पीसीला नेट नाही.

"काय करी ऱ्हायना रे तू?" मामाने गल्ल्यावरूनच विचारलं. मी काही केलंय हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. राउटर बंद-चालू केला. वायरी काढून लावल्या. कंपनीला फोन केला, ते म्हणाले लाइन चांगली आहे. चाळीस मिनिटं गेली. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "भो, बस निघी जाई मन्ही." शेवटी एका पीसीवर आयपीकॉन्फिग मारलं, म्हणजे त्याचा आयपी पत्ता पाहिला. दुकानातले पत्ते १९२.१६८ ने सुरू व्हायचे. समोर दिसला दहाने सुरू होणारा. तो पत्ता या दुकानात फक्त एकच जण वाटत होता.

झालं ते असं. लाइट आल्यावर राउटरला जागं व्हायला दोनेक मिनिटं लागतात. माझा लॅपटॉप बॅटरीवर जागाच होता. पीसींनी उठल्या उठल्या हाक दिली, 'माझा जुना पत्ता चालेल का?' आणि त्या 'ऑथॉरिटेटिव्ह' ओळीमुळे माझ्या डेबियनने रुबाबात सांगितलं, नाही चालणार, हा नवा घे. डीएचसीपीत उत्तर देणाऱ्याची ओळख कुणी विचारत नाही. पाचही पीसी बाहेरचा रस्ता म्हणून माझ्याकडे यायला लागले, आणि माझ्याकडे पुढे रस्ताच नव्हता. मी वायर उपटली, पीसी रीस्टार्ट केले, फॉर्म रात्री साडेदहापर्यंत भरले. मामा आठवडाभर कामापुरतंच बोलला.

त्या रात्री वाचताना लक्षात आलं, हेच कुणी मुद्दाम केलं असतं आणि पुढे रस्ता चालू ठेवला असता, तर दुकानाची सगळी ये-जा त्याच्या हातून गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. सुरक्षेकडे मी वळलो तो इथून.

नंतर शिकायला मेटास्प्लॉइटेबल टू घेतलं. मुद्दाम भोकं ठेवलेलं यंत्र, फुकट मिळतं. ते 'होस्ट-ओन्ली'वरच, म्हणजे फक्त आपल्याच पीसीशी जोडलेलं ठेवा, ब्रिज्डवर कधीच नाही. कारण वर आलंच आहे. त्यात व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइल देवाणघेवाणीचा सर्व्हर प्रोग्राम आहे. २०११ साली या प्रोग्रामच्या मूळ साइटवरच्या फाइलमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. युजरनेमच्या शेवटी हसरा चेहरा, म्हणजे अपूर्णविराम आणि बंद कंस टाकला, की ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडतं आणि आत थेट रूट, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा. पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. त्या फाइलची डिजिटल सही मूळ लेखकाच्या किल्लीशी जुळत नव्हती, पण डाउनलोड करताना ती तपासतो कोण? मीही तोवर एकदाही तपासली नव्हती.

शेजाऱ्याचं वायफाय, कॉलेजचं पोर्टल, असल्या ठिकाणी हात शिवशिवतात. नका करू. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३ आणि ६६ आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'शिकत होतो' हे तिथे चालत नाही. खरा हल्ला बघायचाच असेल तर महिन्यासाठी स्वतःचा छोटा सर्व्हर भाड्याने घ्या आणि त्याचा ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांची नोंदवही, उघडून बसा. माझ्यावर पहिल्या तासाभरातच 'रूट', 'अ‍ॅडमिन' या नावांनी पासवर्ड ठोकायला सुरुवात झाली. एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून शिरायचा रस्ता, त्याचा पासवर्ड बंद करून डिजिटल किल्लीवर या, मग तो गोंगाट नुसता वाचायला मजा येते.

विप्रोची सुरुवात १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाने झाली, तेव्हा आयटी आपल्याच पाण्यात आहे, असं गावात ऐकवतात. मला मात्र नोकरी शोधायला पुण्यालाच जावं लागलं. मुलाखतीत सर्टिफिकेटं कुणी उघडलीसुद्धा नाहीत. विचारलं, "तुझ्या हातून सगळ्यात मोठं काय बंद पडलं?" मी विम्याचा दिवस सांगितला, ऑथॉरिटेटिव्ह ओळीसकट. पुढचा प्रश्न आला, हे स्विचवरच कसं अडवशील? मला आलं नाही. डीएचसीपी स्नूपिंग, असं त्यांनीच सांगितलं: स्विचच्या ठरावीक पोर्टवरूनच पत्ते वाटू द्यायचे, बाकीच्यांची उत्तरं तिथेच टाकून द्यायची. नोकरी मिळाली, ट्रेनीची.

पहिल्या दिवाळीला तसला एक जुना स्विच घेऊन गावी गेलो आणि मामाच्या दुकानात बसवला. मुद्दाम तोच डेबियन सुरू करून दाखवणार होतो की बघ, आता काही होत नाही. लॅपटॉपची वायर स्विचकडे नेली, तर गल्ल्यावरून आवाज आलाच, "काय करी ऱ्हायना रे तू?"