गव्हाच्या ओळींतील अंतर: पेरणी यंत्र नेमके कसे लावावे

महाराष्ट्रात बागायती गव्हाची वेळेवर, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी करताना दोन ओळींत २० सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि हेक्टरी १०० किलो बियाणे वापरावे. पेरणी त्यापुढे गेल्यास अंतर १८ सेंटीमीटरवर आणून बियाणे १२५ किलो करावे, कारण उशिराच्या गव्हाला थंडीचे दिवस कमी मिळतात, फुटवे (बुंध्यातून निघणाऱ्या बाजूच्या काड्या) कमी येतात आणि ओंब्यांची संख्या मुख्य खोडांच्या जोरावरच भरून काढावी लागते. ओळी विरळ ठेवल्या तर फुटवे वाढून तूट भरून निघते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. फुटवे वाढतात हे खरे, पण मधली जमीन पिकाने झाकली जाईपर्यंत तण पुढे निघून जाते आणि मागाहून आलेल्या फुटव्यांचा दाणा बारीक राहतो.

जमीन वापशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलाव्यावर, आली आणि बीजप्रक्रिया झाली की यंत्र लावायला घ्यावे. माझे नुकसान झाले ते याच टप्प्यावर. पहिल्या वर्षी मी फणांमधील (जमिनीत रेघ पाडणाऱ्या दात्यांमधील) अंतर वरच्या चौकटीवर, पकडीच्या बोल्टपाशी मोजले आणि ते २० सेंटीमीटर भरल्यावर निर्धास्त झालो. उगवण झाल्यावर ओळी पाहिल्या, तर कुठे १५ आणि कुठे २६ सेंटीमीटर अंतर पडलेले होते. दोन फण खाली वाकलेले होते. दाट पडलेल्या ओळींतील गहू उंच, बारीक काडीचा होऊन लोळला आणि रुंद पट्ट्यांत चांदवेल हे तण माजले. म्हणून अंतर नेहमी फणाच्या टोकाशी, जमिनीलगत मोजावे. बोल्ट आवळल्यानंतर पुन्हा मोजावे, कारण आवळताना फण सरकतो. चार-पाच मीटर पेरून रेघा उकरून पाहाव्यात आणि बी ५ ते ६ सेंटीमीटर खोल पडल्याची खात्री त्याच वेळी करून घ्यावी.

अंतर बदलले की प्रत्येक नळीतून पडणारे बी बदलावे लागते, ही गोष्ट हमखास विसरली जाते. २० सेंटीमीटर अंतरावर एका हेक्टरमध्ये ओळींची एकूण लांबी ५०,००० मीटर भरते, म्हणजे १०० किलो बियाण्यासाठी ओळीच्या प्रत्येक मीटरला २ ग्रॅम बी पडायला हवे. हरभऱ्यासाठी ३० सेंटीमीटरवर लावलेल्या यंत्राचे फण जवळ आणून यंत्रावरची बियाण्याच्या प्रमाणाची खूण तशीच ठेवणे म्हणजे अंदाजावर पेरणे होय. आधी यंत्राच्या चाकावर खडूने खूण करून शेतातच ५० मीटर अंतरात त्याचे किती फेरे होतात ते मोजावे. डांबरी रस्त्यावर मोजू नये, कारण भुसभुशीत जमिनीत चाक घसरते. मग चाक जमिनीपासून उचलून तितकेच फेरे हाताने फिरवावेत आणि प्रत्येक नळीखाली बांधलेल्या पिशवीतील बी वेगवेगळे तोलावे. प्रत्येक पिशवीत १०० ग्रॅमच्या आसपास बी भरले पाहिजे. सगळ्या पिशव्या एकत्र तोलून समाधान मानू नये, कारण एक नळी अर्धी तुंबलेली आणि दुसरी सैल असली तरी बेरीज बरोबर येऊ शकते.

ट्रॅक्टर वळून आला की शेवटची ओळ आणि नव्या फेरीची पहिली ओळ यांतही २० सेंटीमीटरच अंतर राहायला हवे. नऊ फणांच्या यंत्राच्या प्रत्येक फेरीला हातभर पट्टा सुटत गेला, तर सगळी मेहनत वाया जाते. पेरणी एकेरीच करावी. उभी-आडवी पेरल्यास कोळपे (ओळींमधले तण काढायचे अवजार) चालवायला जागा उरत नाही.

पहिले महत्त्वाचे पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे (बुंध्यापाशी येणारी कायमची मुळे) फुटताना द्यावे.

त्याआधी, उगवण पुरती झाल्यावर, काठी टाकून ओळीच्या एका मीटरमधील रोपे मोजावीत. हेक्टरी २० ते २२ लाख रोपांच्या हिशेबाने ती ४० ते ४४ भरतात. एखादी ओळ प्रत्येक फेरीत विरळ दिसत असेल, तर तो कितवा फण आहे ते लिहून ठेवावे आणि पुढच्या पेऱ्याआधी त्याची नळी खोलून पाहावी.