अंबाड्याचा काटा सारखा घसरतोय? या चुका टाळा

केस बारीक आणि निसरडे आहेत, म्हणून अंबाडा टिकत नाही, हे अर्धसत्य आहे. बहुतेक वेळा अंबाड्यात खोचायचा हा दातांचा काटा चुकीचा घेतलेला असतो आणि खोचायची पद्धत त्याहून चुकीची असते. दोष मात्र केसांच्या माथी मारला जातो. लांब केस ठेवणाऱ्या मुलांनाही पुढचं सगळं तसंच लागू आहे.

पहिला गोंधळ बारीक आणि विरळ या दोन शब्दांचा. बारीक म्हणजे एकेक केस तलम, पण डोक्यावर ते भरपूर असू शकतात. विरळ म्हणजे केसांची संख्याच कमी. तलम पण दाट केसांचा अंबाडा चांगला मूठभर होतो आणि तीन दातांचा काटा त्याला छान धरतो. विरळ केसांचा अंबाडा जेमतेम ४-५ सेंटिमीटर रुंद. त्यात तीन दात घुसवले की त्याच्या चिरफळ्या होतात. तिथे दोन दातांचाच काटा हवा, दातांमधलं अंतर २ सेंटिमीटरच्या आसपास. चार-पाच दातांचे काटे फोटोत देखणे दिसतात. ते जाड, भरघोस केसवाल्यांसाठी सोडून द्या.

लांबी बघता, पण कुठली?

विक्रीच्या पानावर लिहिलेली १५ सेंटिमीटर लांबी म्हणजे टोकापासून, वर नक्षीचा मोर असेल तर त्याच्या तुऱ्यापर्यंत. तुरा केसांत जात नाही. आपल्याला हवी ती आतली लांबी: दोन दात जिथे एकमेकांना मिळतात त्या खाचेपासून टोकापर्यंत. बऱ्याच नक्षीदार काट्यांत ती एकूण लांबीच्या दोन तृतीयांशही नसते.

मोजायची रीत सोपी आहे. नेहमीसारखा अंबाडा घाला, क्लचरने तात्पुरता अडकवा आणि डोक्याला टेकलेल्या बाजूची रुंदी पट्टीने मोजा. त्यात दीड ते दोन सेंटिमीटर मिळवा. अंबाडा ६ सेंटिमीटरचा असेल तर आतली लांबी ८ पुरे. पलीकडे टोकं सेंटिमीटरभर डोकावली की झालं.

काटा आखूड पडला तर तो पलीकडच्या डोक्यालगतच्या केसांपर्यंत पोचत नाही आणि अंबाडा एका बाजूने लोंबतो. हे लगेच कळतं. लांब पडला तर कळत नाही, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं चालू राहते. बाहेर आलेली ३-४ सेंटिमीटरची टोकं कॉलरला, पदराला, खुर्चीच्या पाठीला लागतात. प्रत्येक धक्क्यासरशी काटा थोडा मागे सरकतो. दुपारी अंबाडा सुटला की ‘केसच निसरडे’. आणि गंमत म्हणजे यावर उपाय म्हणून अजून लांब काटा मागवला जातो.

नक्षीचं वजन

लग्नाच्या हॉलमध्ये हमखास दिसणारी करवली डोळ्यांसमोर आणा. कमरेपर्यंत तलम केस, सकाळीच धुतलेले, वर कंडिशनर, वर इस्त्री फिरवून सरळ केलेले. त्यात चकचकीत पितळी काटा, वर टपोरा मोर. पार्लरवालीने अंबाड्यावर स्प्रेचा फवारा मारला आणि ओला चारपदरी गजरा गुंडाळला. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता टाकायला हात वर गेला आणि तिसऱ्या मंगलाष्टकाला काटा खाली. उरलेल्या कार्यात ती एका हाताने अंबाडा धरून फिरते आणि फोटोत प्रत्येक ठिकाणी तिचं कोपर दिसतं.

झालं काय? काट्याचं वजन मोराकडे होतं. मोर बाहेर, तोही एका बाजूला, म्हणजे दिवसभर तो काट्याला खाली ओढत राहणार. गजऱ्याने त्यात भर घातली. स्प्रेने फक्त वरचा थर कडक केला. काटा जिथे धरतो तिथे, अंबाड्याखाली, तो पोचलाच नाही.

म्हणून घेताना काटा एका बोटावर आडवा तोलून बघा. तोल दातांवर साधला तर ठीक. बोट नक्षीखाली न्यावं लागलं तर तो दागिना आहे, त्याच्यावर भार टाकू नका. तलम केसांसाठी काट्याचं वजन २० ग्रॅमच्या आत असलेलं बरं. जुन्या बायका अंबाड्यावर सोन्याचं फूल खोचायच्या, पण अंबाडा तोलायचं काम काळ्या नागमोडी आकड्यांचं असायचं. त्या करवलीनेही आधी पाच-सहा आकड्यांनी अंबाडा पक्का केला असता आणि मोर नुसता वर खोचला असता, तर काम भागलं असतं. त्या आकड्यांचे पाय मधे वळणदार असतात ते उगाच नाही, केस त्या वळणांत अडकतात. काट्यातही दात किंचित लहरदार असलेले मिळाले तर सरळ दातांपेक्षा तेच घ्या.

काटा नुसता भोसकणं

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक ही. दहा सेकंदांच्या व्हिडिओत हात कसा फिरला ते दिसत नाही. मग लोक अंबाड्याच्या मधोमध काटा घुसवतात आणि तो टिकेल अशी आशा करतात. काट्याने दोन गोष्टी एकत्र बांधायच्या असतात: अंबाड्याची कड आणि तिच्याखालचे डोक्याला चिकटलेले केस. नुसता अंबाडा भोसकला तर काटा अंबाड्यासकट घसरतो.

आधी पीळ. केस एकाच दिशेने इतके पिळा की ते आपणहून वेटोळं घेऊ लागतील, आणि वेटोळं त्याच दिशेने गुंडाळा. शेवटचं टोक जिथे संपेल तिथूनच काटा घाला, म्हणजे टोक आधी पकडलं जातं. काटा डोक्याला काटकोनात धरा, बाक असेल तर खोलगट बाजू अंबाड्याच्या उलट दिशेला. टोकांनी अंबाड्याच्या कडेचे अर्ध्या बोटाइतके केस उचला आणि टोकं त्वचेला अलगद टेकवा. आता काट्याचा वरचा भाग अंबाड्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला पाडा. टोकं अंबाड्याच्या मध्याकडे वळतील. त्वचेला घासत, तिथले थोडे केस गोळा करत काटा अंबाड्याखालून पलीकडे काढा. ढकलताना हाताला विरोध जाणवायला हवा. लोण्यात सुरी जावी तसा काटा गेला तर काहीच पकडलेलं नाही, काढा आणि पुन्हा करा. उलट टाळू खेचली गेली तर केस जास्त उचलले गेलेत. अशाने संध्याकाळी डोकं दुखतं.

हे दोन-तीनदा करून ‘मला नाही जमत’ म्हणणाऱ्यांना सांगण्यासारखं एवढंच, की तीनपेडी वेणीही पहिल्या दिवशी कुणाला सरळ आली नव्हती.

फारच निसरडे केस असतील तर नुसता पीळ सोडा. आधी तीनपेडी वेणी घाला आणि तिचा अंबाडा करा. पेडांच्या उंचसखलपणात काट्याला अडकायला जागा मिळते. कुठल्याही फवाऱ्यापेक्षा हे बरं. रबर लावून पोनीटेलवर अंबाडा बांधायचा शॉर्टकट नृत्याच्या तासापुरता चालेल. रोज केला तर सगळा ताण रबराच्या एका जागी येतो आणि तलम केस नेमके तिथेच तुटतात.

काही छोट्या चुका

धुतल्या दिवशीच काटा आजमावणं. कंडिशनरमधल्या सिलिकॉनचा थर तेव्हा ताजा असतो. दुसऱ्या दिवशी बघा, आणि कंडिशनर केसांच्या खालच्या अर्ध्या भागालाच लावा.

ओल्या केसांचा अंबाडा. ओले केस ताणतात आणि लवकर तुटतात, वाळता वाळता अंबाडा सैल होतो. पावसाळ्यात तर आत दिवसभर कुबट ओल राहते.

आरशासारखी पॉलिश केलेला लाकडी काटा. तेल-मेणाचा मंद हात फिरवलेलं लाकूड केस धरतं, काचेसारखं लॅकर सोडतं. चकाकी जास्त वाटली तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने दातांच्या मधल्या भागावर हलकेच हात फिरवा. टोकांना खरखर राहू देऊ नका. जुना नायलॉनचा मोजा टोकांवरून ओढा. धागा अडकला तर केसही अडकेल.

लाकडाचे आडवे रेशे. रेशे दातांच्या लांबीने गेलेले हवेत. आडवे असतील तर काटा खाचेपाशी मोडतो.

‘अस्सल कासवाचं कवच’ अशी जाहिरात. भारतात त्याची विक्री बेकायदा आहे. बाजारात त्या नावाने मिळतं ते बहुधा ॲसिटेट नावाचं प्लास्टिक, आणि ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं तर वाकतं.

हेल्मेटखाली किंवा झोपताना काटा ठेवणं. नको.

अंबाडा कसा सुटतो त्यावरूनही चूक शोधता येते. काट्यासकट सगळा खाली घसरला तर डोक्यालगतचे केस पकडले गेले नव्हते. काटा जागेवर आहे आणि मधलं वेटोळं उकलतंय, तर पीळ सैल. काटा ज्या बाजूने घातला तिकडेच परत येतोय, तर तो लांब आहे किंवा नक्षीकडून जड.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याला चार गोष्टी विचारा: आतली लांबी, दातांमधलं अंतर, दातांची जाडी आणि वजन. तलम केसांना ३-४ मिलिमीटरपेक्षा जाड दात नकोत, ते आत पोकळी करून ठेवतात. उत्तर ‘मॅडम, फ्री साइज आहे’ असं आलं, तर दुसरं दुकान बघा.