बियांपासून रोपं करताना या चुका टाळा: लुडबुड कमी करा

थंडी ओसरून ऊन जरा तापायला लागलं की मला ओळखीच्या लोकांचे फोटो यायला लागतात. ट्रेमध्ये रोपं आडवी पडलेली असतात आणि खाली प्रश्न असतो, "याला कुठलं खत घालू?" कुठलंच नाही. ती मेलीत. बहुतेक वेळा पाण्याने मेलीत, आणि ते पाणी मायेनेच घातलेलं असतं.

मी बरीच वर्षं भाजीपाल्याची आणि फळझाडांची रोपं बियांपासून करतोय. माझ्या स्वतःच्या चुकांची यादी काढली तर तीत आळशीपणा क्वचित सापडतो, लुडबुडच जास्त. म्हणून खालचं सगळं थोडं चिडूनच लिहिलंय. सुरुवात सर्वांत मोठ्या चुकीपासून.

पाण्याचा अतिरेक

ही चूक मी एकाच महिन्यात दोनदा केली आहे, त्यामुळे तिच्यावर बोलायचा अधिकार मला आहे.

साठ कप्प्यांचा टोमॅटोचा ट्रे होता. जवळजवळ सगळ्या बिया उगवल्या, पहिली दोन पानं उघडली, मी खूश. त्यातच दोन दिवस बाहेर जायचं ठरलं. निघताना मनात आलं, बिचारी तहानेने वाळतील. झारीने माती पार चिंब केली, वर पारदर्शक झाकण घातलं आणि गेलो. परत आलो तेव्हा झाकणाला आतून घाम फुटल्यासारखे थेंब लागले होते आणि एका कोपऱ्यापासून पार मध्यापर्यंत रोपं अशी लोळत होती, की कुणीतरी वरून तळहात फिरवला असावा. पानं मात्र अजून हिरवीगार. इथेच माणूस फसतो. एक रोप उचलून पाहिलं तर मातीलगतचं खोड सुतासारखं बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेलं. बोटांत जरा दाबलं तर तिथेच तुटलं. उरलेली रोपं पुढच्या दोन दिवसांत गेली.

याला मर म्हणतात, रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया असली मातीत दबा धरून बसलेली बुरशीसारखी मंडळी हा उद्योग करतात. ओल, कोंडलेली हवा आणि दाटीवाटी मिळाली की त्यांचं फावतं. एकदा रोप पडलं की त्याला औषध नाही.

दुसरी चूक याहून बावळटपणाची. नवी माती भरायचा कंटाळा आला म्हणून त्याच ट्रेमध्ये, त्याच मातीत, दुसऱ्या दिवशी परत बिया टाकल्या. आदल्या रोपांना ज्यांनी खाल्लं ते तिथेच बसलेले होते. या वेळी तर निम्म्या बिया वर यायच्या आधीच कुजल्या. "माती तर चांगलीच होती, वाया कशाला घालवायची," असं कुणी म्हणालं की मला तो ट्रे आठवतो.

आता माझी सवय अशी आहे. जुने ट्रे साबणाने घासतो, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुतो. पाणी वरून घालत नाही. परातीत दोन बोटं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवतो, वीस मिनिटांनी उचलतो, निथळू देतो. पहिला कोंब दिसला की झाकण काढून टाकतो, "अजून थोडी उगवू देत" म्हणून थांबत नाही. आणि पाणी द्यायचं की नाही हे मातीचा रंग बघून ठरवत नाही, ट्रे उचलून बघतो. भिजलेल्या ट्रेचं वजन आणि कोरड्या ट्रेचं वजन यांतला फरक आठवडाभरात हाताला कळतो. जड लागला की तसाच खाली ठेवायचा. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, पण लोकांना यंत्रच हवं असतं.

मर रोखायला दालचिनीची पूड भुरभुरवा असं सांगणारे भेटतील. भुरभुरवा हवी तर. पाणी तेवढंच घालत राहिलात तर प्रेतं सुगंधी निघतील, इतकाच फरक.

उकरून बघणं आणि लवकर हार मानणं

पाचव्या दिवशी माती बोटाने बाजूला करून "मोड आलाय का" बघणारे लोक मला माहीत आहेत. नुकतं बाहेर आलेलं मूळ केसाइतकं नाजूक असतं. ते दिसलं याचा आनंद तुम्हाला होतो आणि ते तुटलेलं असतं.

प्रत्येक बीचा वेग वेगळा. मुळा तीन-चार दिवसांत वर येतो. गाजराला दोन-तीन आठवडे लागू शकतात. मिरचीचं सगळं उबेवर अवलंबून. माती २५ ते ३० अंश सेल्सिअस असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात उगवते, १५ अंशांत ठेवलीत तर महिना झाला तरी हलत नाही आणि मधल्या मधे कुजूनही जाते. इथे मातीचं तापमान महत्त्वाचं, हवेचं नाही. दुपारी आपल्याला उकडतंय म्हणून ट्रेमधली ओली माती गरम असेलच असं नाही. लेट्यूसचं नेमकं उलटं, माती तापली की ते बी झोपी जातं.

एकदा ढोबळ्या मिरचीचा ट्रे सोळाव्या दिवशी मी वैतागून खताच्या ढिगावर उपडा केला. आठवड्याने ढिगावर हिरवी रांग उभी होती. तिला जे हवं होतं ते ढिगाच्या उबेने दिलं, मी दिलं नव्हतं. तेव्हापासून ट्रेवर पेरल्याची तारीख लिहितो आणि अपेक्षेच्या दुप्पट दिवस होईपर्यंत त्याला हात लावत नाही.

बी जुनं असल्याची शंका असेल तर उकराउकरीपेक्षा आधीच परीक्षा घ्या. दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून डब्यात ठेवायच्या आणि उगवलेल्या मोजायच्या. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत दम सोडतं, टोमॅटो आणि काकडी नीट ठेवली तर चार-पाच वर्षंही टिकतात.

खिडकीवरचा विश्वास

"खिडकीत भरपूर उजेड येतो" हे तुमच्या डोळ्यांचं मत आहे, रोपाचं नाही. रोपं लांबुडकी, फिकी होऊन काचेकडे झुकली म्हणजे उजेड कमी पडतोय. मी साधे एलईडी ट्यूबलाइट रोपांच्या शेंड्यापासून वीतभरापेक्षा कमी अंतरावर लावतो, दिवसाला चौदा-पंधरा तास. रोपं वाढली की दिवे वर सरकवतो. टोमॅटो लांबुडका झाला तर खोड खोल पुरता येतं, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. ही सवलत टोमॅटोची आहे, काकडी-भोपळ्याला तेच करायला जाल तर खोड कुजायची शक्यता जास्त.

घरातून थेट उन्हात

घरात वाढलेल्या रोपाची पानं एका दुपारच्या उन्हात कागदासारखी पांढरी पडतात. आठवडा ते दहा दिवस घ्या. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडं थोडं जास्त, वाराही लागू दे. याला रोपं कणखर करणं म्हणतात आणि हे टाळायला कुठलीही पळवाट नाही. सुट्टीचा दिवस आहे म्हणून सगळी रोपं आजच लावून टाकू, हा विचार आला की चहा करून प्यावा.

बारीकसारीक, पण रोज दिसणाऱ्या

बी खोल पेरू नका. बीच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर असली की पुरे, लेट्यूससारख्या बारीक बीला तर नुसतं दाबून वर चिमूटभर.

खरी पानं, म्हणजे पहिल्या दोन पानांनंतरची, येईपर्यंत खत नको. बीने शिदोरी बरोबर आणलेली असते.

गाजर, मुळा ट्रेमध्ये रुजवून हलवू नका. मूळ दुखावलं की गाजराला फाटे फुटतात. थेट वाफ्यात पेरा. गाजराच्या ओळीवर मी फळी ठेवतो म्हणजे वरची माती सुकत नाही. सातव्या दिवसापासून रोज उचलून बघतो आणि कोंब दिसताच काढतो. (हो, उकरू नका म्हणणारा मीच. फळी उचलणं वेगळं.)

फार लवकर पेरू नका. वाफ्यात लावण्याआधी टोमॅटोला सहा ते आठ आठवडे पुरतात, काकडी-भोपळ्याला तीन. त्याहून जास्त काळ कप्प्यात ठेवलेल्या भोपळ्याची मुळं गोल गोल फिरून गुंडाळी होते आणि वाफ्यात गेल्यावर तो रुसून बसतो.

एका कप्प्यात तीन उगवली तर एकच ठेवा. जादाची उपटू नका, कात्रीने कापा. इथे जीव कळवळतो याची मला कल्पना आहे.

नावं लिहा. पेन्सिलने लिहा, मार्करची शाई उन्हात उडते. "मला आठवेल" म्हणणाऱ्यांनी पानं दोन-दोन असताना काकडी आणि खरबूज वेगळे ओळखून दाखवावेत.

आणि टोमॅटोची चकती कापून आख्खी कुंडीत पुरायचे व्हिडिओ. उगवतं, नाही कोण म्हणतंय? एका जागी चाळीस रोपं उगवतात, मुळांची जट होते, वेगळी करताना निम्मी मरतात. व्हिडिओ त्याआधीच संपलेला असतो.

फळझाडं: इथे तर घाई नकोच

फळ खाल्लं, बी आवडली, धुऊन खिडकीत वाळत ठेवली, महिन्याने पेरली, उगवली नाही. आंब्याची कोय, फणसाची आठळी, अॅव्होकाडोचं बी यांच्या बाबतीत हे ठरलेलंच. ही बी वाळली की मरते, भाजीच्या बियांसारखी पुडीत ठेवता येत नाही. लिंबू-संत्र्याची बीसुद्धा सुकवण्यापेक्षा ताजी पेरलेली बरी. आंब्याची कोय मी त्याच आठवड्यात लावतो. बाहेरचं कडक कवच कडेने कात्रीने उघडायचं, आतली बी दुखवायची नाही, आणि ती फुगीर बाजू वर करून लावायची. कवचासकट लावली तरी उगवते, पण वेळ जास्त घेते.

सफरचंद, पीच यांची तऱ्हा वेगळी. त्यांना हिवाळा जगल्याशिवाय जाग येत नाही. ओलसर वाळूत मिसळून, डब्यावर तारीख घालून, फ्रिजमध्ये चार-पाच अंशांत दोन-तीन महिने ठेवावं लागतं. फ्रीजरमध्ये नव्हे. वसंतात पेरायचं तर ही तयारी थंडी सुरू होतानाच करायला हवी, हे लोकांना वसंतात आठवतं.

पण खरी गफलत पुढे आहे: "या गोड फळाची बी लावली म्हणजे असंच गोड फळ." मीही असंच समजून एक कोय लावली होती. कुंडीतून जमिनीत नेली, उन्हाळ्यात सावली केली, थंडीत जपली. सातव्या वर्षी मोहोर आला आणि चार फळं टिकली. पिकल्यावर कापलं तर गराऐवजी दोऱ्याच निघाल्या, चव आंबट आणि वर टर्पेंटाइनचा वास. सात वर्षं. झाड मात्र दणकट होतं, म्हणून पुढच्या हंगामात त्याच्यावरच ओळखीच्या जातीचं कलम बांधलं. ते आधी, रोप पेन्सिलीएवढं जाड असताना करता आलं असतं.

कारण सोपं आहे. सफरचंदाच्या बीत परागकण देणाऱ्या दुसऱ्या झाडाचा वाटा असतो, त्यामुळे प्रत्येक बी नवं पोर. आंब्यात दोन तऱ्हा आहेत. भारतातल्या बहुतेक जातींच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो संकरित, पण आग्नेय आशियातल्या बऱ्याच जातींच्या एका कोयीतून अनेक कोंब निघतात आणि त्यांतले बहुतेक आईसारखेच असतात. लिंबूवर्गातही बऱ्याच जातींत असं होतं. म्हणजे बी लावण्याआधी जात कुठली हे विचारायला हवं, गोडी विचारून उपयोग नाही.

यावर कुणीतरी हमखास ग्रॅनी स्मिथचं नाव काढतं. बरोबर आहे, ते सफरचंद १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आपोआप उगवलेल्या रोपाचं. इंग्लंडमधलं ब्रॅमली तर १८०९ मध्ये एका मुलीने लावलेल्या बीतून आलं. त्याच काळात लावलेल्या आणि आंबट निघाली म्हणून तोडलेल्या झाडांना कुणी नाव ठेवलं नाही. मजा म्हणून जरूर लावा, मी अजून लावतो. फक्त खाण्यासाठी एक कलमी झाड शेजारी असू द्या.

ज्यांना अजिबात धीर नाही त्यांनी पपई लावावी, वर्षभरात फळ देते. तिच्याही चुका ठरलेल्या. बीवरचं बुळबुळीत आवरण उगवण अडवतं, ते चाळणीत चोळून काढा. रोपाला मर फार पटकन लागतो, म्हणजे वरचं पाण्याचं सगळं परत वाचा. आणि एका खड्ड्यात एकच रोप लावू नका, ते नर निघालं तर नुसती सावली मिळेल. मी तीन लावतो, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. चार-सहा महिन्यांत फुलं येतात. लांब लोंबत्या दांड्यावर घोसाने आली तर नर, खोडाला चिकटून आली तर ठेवायचं झाड. नको असलेलं उपटायचं नाही, तिघांची मुळं तोवर एकमेकांत गेलेली असतात. विळा घ्यायचा आणि मातीलगत कापायचं.